खांड कोण बांधणार?

रायगड जिल्ह्यात पेण आणि अलिबाग तालुक्यांत, धरमतरच्या खाडीला लागून जी सपाट, करड्या मातीची पट्टी पसरली आहे तिला खारेपाट म्हणतात. उधाणाची भरती जितकी वर चढते त्या पातळीच्या खाली इथली भातशेतं आहेत. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा एक बांध, म्हणजे बाहेरकाठा, आणि त्या बांधात ठिकठिकाणी उघाड्या. बांध फुटून पडलेल्या भगदाडाला खांड म्हणतात. भरती आली की उघाडीचं झापड बाहेरच्या पाण्याच्या दाबानं मिटतं. ओहोटी लागली की आतलं पाणी त्याला ढकलून खाडीत उतरतं. वीज लागत नाही, पंप लागत नाही. गोव्यात अशाच जमिनीला खाजण म्हणतात आणि उघाडीला मानस. गोव्यातली खाजणं सुमारे 18,000 हेक्टर भरतात.

हवामानबदलावर हल्ली कुठेही चर्चा असली की पारंपरिक ज्ञानाचा विषय निघतोच, आणि निघाला की सगळे एकमेकांकडे पाहून माना डोलावतात. म्हणून माना न डोलावणारे दोघे जण मी मुद्दाम समोरासमोर बसवले. मामा निवृत्त शाळामास्तर आहेत. खारेपाटात त्यांची दीड एकर भातजमीन आहे आणि त्यातली निम्मी आज कांदळवनाखाली आहे. त्यांची भाची किनारी नियोजन शिकली आहे आणि गोव्यातल्या खाजणांमध्ये काम करते. म्हातारा जुन्याची बाजू घेईल आणि तरुण मुलगी नव्याची, असं वाटलं असेल तर तसं नाही. इथे उलट आहे.

भाची: मामा, समुद्र वर येणार म्हणून जगभर लोक आज जे शोधताहेत ते तुमच्या पणजोबांनी करून ठेवलं होतं. काँक्रीटची भिंत न घालता खाऱ्या पाण्याशेजारी भात पिकवायचा, त्याच पाण्यात मासे धरायचे, घराशेजारच्या तळ्यात जिताडा वाढवायचा. एका जमिनीतून तीन उत्पन्नं. हे ज्ञान लिहून काढलं पाहिजे, शिकवलं पाहिजे.

मामा: लिही की. मी काही अडवत नाही. पण लिहिताना माझ्या शेतात उभी राहून लिही. कमरेएवढ्या तिवरांत.

भाची: बांध फुटला त्याला ज्ञान काय करणार? देखभाल झाली नाही.

मामा: हेच तर म्हणतोय. ज्ञान माझ्याकडे आहे. मला अजून येतं. आज अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती. पंचमी असेल तर पावणेचार. पक्ष कोणताही असो. खांड कधी बांधायची? भांगात, सप्तमी-अष्टमीच्या आसपास, पाण्याला जोर नसतो तेव्हा. दोन्ही अंगांना खुंट ठोकायचे, मध्ये पेंढा आणि चिखल भरायचा, आणि पाणी परत चढायच्या आत तोंड मिटवायचं. सहा तासांच्या आतलं काम. हे सगळं डोक्यात आहे. पण त्या रात्री हाक मारली तर बांधावर येणार कोण? पोरगे पनवेलला, वाशीला, कंपनीच्या बसमध्ये. ज्ञान एकट्यानं बांध बांधत नाही, बाय. त्याला चाळीस माणसं लागतात.

(पाऊणपटीचं हे गणित मी घरी येऊन भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहिलं. दहा-वीस मिनिटांचा फरक सोडला तर मुंबई-अलिबागच्या किनाऱ्याला ते चांगलं लागू पडतं. चंद्र रोज सुमारे 48 मिनिटं उशिरा येतो, म्हणजे तासाचे चार पंचमांश. हिशेबाला सोपं म्हणून ते पाऊण धरलं असावं.)

भाची: म्हणजे ज्ञान खरं आहे हे तुम्ही मान्य करता.

मामा: चंद्राचं खरं आहे. चंद्राला तुमचा कार्बन लागत नाही. पावसाचं मात्र आता मी कुणाला सांगत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात जमीन भेगाळते आणि खालचं मीठ वर येऊन बसतं. शेतावर पांढरी साय दिसते. मृगाचा पाऊस पडायचा, ते मीठ विरघळायचं, ओहोटीला उघाडीतून बाहेर जायचं. असं दोन-तीनदा धुतलं की मग पेरा. मृग लागतो 7-8 जूनला आणि सगळा हिशेब त्यावर. आता 2023 मध्ये मोसमी पाऊस मुंबईला पोचला 25 जूनला. तोवर मीठ जिथल्या तिथे. ज्यांनी मृग धरून पेरलं त्यांचे कोंब करपले. आणि 2025 ला काय झालं ते आठवतं का?

भाची: 26 मे. मुंबईत नोंद ठेवायला लागल्यापासून इतक्या लवकर मोसमी पाऊस कधी आला नव्हता.

मामा: रोहिणी लागून एक दिवस झाला होता. लोक म्हणाले, बरं झालं, मीठ लवकर धुतलं जाईल. कुणी म्हणालं नाही की बांधावर माती टाकायचे महिने मार्च, एप्रिल, मे. माती उन्हात वाळते, दबते, तेव्हा बांध बसतो. मेच्या शेवटी पाऊस आला म्हणजे अर्धा बांध ओला चिखल. पहिल्याच उधाणाला गेला. आजोबांच्या नक्षत्रात असा पाऊस नाही.

भाची: हवामान खात्याच्या तक्त्यातही नव्हता. त्यांनी 2020 मध्ये सरासरी तारखा बदलल्या. मुंबईत पाऊस येण्याची तारीख 10 जूनवरून 11 केली, पण परत जाण्याची 29 सप्टेंबरवरून थेट 8 ऑक्टोबर. नऊ दिवस. तुमचं भात तयार होऊन उभं असतं ते हेच दिवस. म्हणजे शास्त्रालाही जुने आकडे फेकून नवे घ्यावे लागले. मग पारंपरिक ज्ञानालाच का विचारायचं की तू शंभर वर्षं जसंच्या तसं का टिकलं नाहीस?

मामा: कारण तू त्याला जसंच्या तसं टिपून ठेवायला निघाली आहेस.

इथे भाची क्षणभर गप्प बसली, आणि मला वाटतं ते योग्यच होतं. पारंपरिक ज्ञानाच्या नोंदवह्या काढणाऱ्यांचा सगळ्यात मोठा दोष हाच आहे. ते ज्ञान ज्या दिवशी वहीत उतरतं त्या दिवशी त्याची वाढ थांबते. आजोबांना मृग माहीत होता, कारण त्यांच्या आजोबांपासून पाऊस साधारण मृगातच येत होता. तो येणं थांबलं असतं तर त्यांनीही दुसरं काहीतरी धरलं असतं.

भाची: बियाण्यांचं सांगा मग. काळा रता, भुरा रता. खाऱ्या जमिनीत टिकणारे हे भात कुठल्या प्रयोगशाळेत जन्मले? पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रानं इथल्याच भातांतून निवड केली. काळा रता 1-24, भुरा रता 4-10. पुढे त्या भुऱ्या रत्याचा आयआर 8 शी संकर करून पनवेल 1 आणि पनवेल 2 आले. आज ज्याला सुधारित वाण म्हणता त्याची आई तुमच्या खाचरातली आहे.

मामा: आणि बाप फिलिपीन्सचा. आयआर 8 तिथलाच ना?

भाची: हो.

मामा: मग नुसत्या आईचं कौतुक का? हे बघ, भुरा रता आम्ही लावत होतो तेव्हा दाणा जाड, तांदूळ लाल आणि उतारा बेताचा. पाहुणे आले की वाण्याकडून पांढरा तांदूळ आणायचा. घरचा लाल तांदूळ पाहुण्याला वाढायची लाज वाटायची. आता तोच लाल तांदूळ तुमच्या शहरात किलोला दुपटीनं विकतात असं ऐकतो, पण तो पैसा पॅकिंग करणाऱ्याला मिळतो. मला पनवेलचं बियाणं परवडतं. त्यात माझ्या आजोबांचं रक्त आहे म्हणून नाही, दोन पोती जास्त मिळतात म्हणून.

भाची: पण क्षार एका मर्यादेपुढे गेला की तुमचं सुधारित वाणही बसतं, आणि तेव्हा परत जुन्या जातींकडे जावं लागतं. ती जात कुणाच्या तरी कणगीत शिल्लक असायला हवी. केरळात पोक्काळी आहे, बंगालात नोना बोकरा आहे. जगभरचे संशोधक क्षार सोसणारा गुण शोधत याच जातींकडे येतात. तुम्ही लावणं सोडलंत की ते दार बंद.

मामा: मग मला तेवढ्यासाठी पैसे दे. दोन गुंठे मी रता लावीन. हौस म्हणून नाही, बियाणं राखण्याचं काम म्हणून. फुकट राखण मी आता करत नाही.

(ही मागणी मला दिसते त्यापेक्षा मोठी वाटते. धान्याची जात जपणं ही शेतकऱ्याची परंपरा आहे असं म्हटलं की त्याला काही द्यावं लागत नाही. तो सेवा देतो आहे असं म्हटलं की बिल येतं.)

भाची: आता मुळावर येऊ. गोव्यात मी जे पाहते ते असं. गांवकरी, म्हणजे गावाची जुनी सामाईक संस्था, होती तोवर मानसवर कोण बसणार, बांधावर माती कोण टाकणार, खांड पडली तर सगळ्या गावानं यायचं, हे ठरलेलं होतं. व्यवस्था होती. पुढे 1964 चा कूळ कायदा आला, शेतं कुळांकडे गेली, जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली. बऱ्याच ठिकाणी त्या संघटना कागदावरच राहिल्या. मानसच्या तोंडाशी मासे धरण्याचा हक्क लिलावानं देतात. पैसा मोठा. ज्यानं लिलाव घेतला त्याला मासे हवेत, म्हणून तो खारं पाणी आत घेतो, हवं त्यापेक्षा जास्त आणि नको त्या वेळी. शेत पडीक पडतं, मग कुणी म्हणतं, पडीकच आहे तर भराव टाका. जुनी व्यवस्था मोडली म्हणून हे झालं.

मामा: म्हणजे त्या लिलाववाल्याकडे ज्ञान होतंच की! मानस कधी उघडायचं हे पक्कं ठाऊक असल्याशिवाय ते नेमकं चुकीच्या वेळी उघडता येत नाही.

भाची: थट्टा नका करू.

मामा: थट्टा नाही. तू म्हणतेस व्यवस्था होती. आमच्याकडेही होती. तिचं नाव खोती. बाहेरकाठा शाबूत असायचा, का? कारण कुळाला पाठीवर माती वाहायला लावणारा कुणी तरी होता. बांध राखायचा म्हणून बिघ्यामागे वेगळं भात घ्यायचे, शिलोत्री म्हणून; कुलाबा गॅझेटियरमध्ये नोंद आहे, शाळेच्या ग्रंथालयात मी वाचली. भात द्यायचं कुळानं, माती टाकायची कुळानं आणि पीक आलं की वाटा खोताला. चरीचा संप कशासाठी झाला? 1933 पासून 1939 पर्यंत लोकांनी शेतं कसली नाहीत. नारायण नागू पाटलांच्या मागे उभे राहिले, उपाशी राहिले, लाकडं विकली, पण खोताचं शेत कसलं नाही. बाबासाहेबांनी 1937 ला खोती मोडायचं बिल मांडलं. आणि तू मला सांगतेस की जुनी व्यवस्था परत आणा?

भाची: मी खोती परत आणा म्हटलं नाही.

मामा: म्हटलं नाहीस. पण तुमच्या अहवालांत 'सामुदायिक देखभाल' असं लिहितात तेव्हा समुदायात कोण उन्हात होता आणि कोण ओटीवर, हे लिहीत नाहीत.

भाची: गांवकरीतही तेच होतं, हे मी नाकारत नाही. जन्मानं ठरणारे गांवकार, तेही पुरुष. बायका चिखलात, हिशेबात नाहीत. पण मामा, संपकऱ्यांनी खोताला नको म्हटलं, बांधाला नको म्हटलं नव्हतं. खोती गेली 1949 च्या कायद्यानं. त्याच्या वर्षभर आधी, 1948 ला, मुंबई सरकारनं खारजमिनींचा कायदा केला आणि पुढे 1979 ला महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा आला. बांध सरकारकडे गेले. खोताच्या हातून सुटलेला बांध कुळाच्या हातात आलाच नाही. मधल्या मध्ये खात्याकडे गेला.

मामा: हे मात्र खरं बोललीस.

भाची: म्हणजे ज्याला खांड दिसते त्याला ती बांधायचा अधिकार नाही, आणि ज्याला अधिकार आहे त्याला ती दिसत नाही.

मामा: दिसते, पण अंदाजपत्रकात. अर्ज द्यायचा, पाहणी, अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा. एवढ्यात दोन पावसाळे जातात. ठेकेदार येतो तो पौर्णिमेला येतो, उधाणात. त्याला कोणी तरी सांगितलं पाहिजे की बाबा, आठवडाभर थांब. कोण सांगणार? आम्ही सांगितलं तर म्हणतो, कामात अडथळा आणता. खाडीत बार्जेस फिरतात, त्यांच्या लाटांनी बांधाचा पाय सुटतो, तेही आम्हीच सांगायचं.

या ठिकाणी चहा आला आणि त्याबरोबर कांदळवनाचा विषय. मामांचा सगळ्यात दुखरा कोपरा तोच आहे. बांध फुटून खारं पाणी शेतात राहिलं की तीन-चार वर्षांत तिवरं उगवतात. मुंबई उच्च न्यायालयानं 2005 च्या अंतरिम आदेशानं आणि मग 2018 च्या निकालानं कांदळवन तोडण्यावर बंदी घातली, आणि कांदळवनाभोवतीच्या पन्नास मीटरच्या पट्ट्यातल्या बांधकामांवरही. निकाल योग्यच होता, कारण मुंबईभोवती भराव टाकून खाड्या गिळल्या जात होत्या. पण सातबाऱ्यावर भात आणि प्रत्यक्षात जंगल अशी अवस्था झालेल्या शेतकऱ्याची गोष्ट वेगळी आहे.

भाची: कांदळवन नको असं तुम्ही म्हणूच शकत नाही. बांधाच्या बाहेर तिवरांची पट्टी असेल तर लाटेचा मार आधी तिच्यावर बसतो. तुमचे जुने लोक बांधाबाहेरची तिवरं मुळापासून कधी काढत नसत, फांद्या तेवढ्या सरपणाला नेत.

मामा: बाहेर! बाहेरची तिवरं मी पण राखतो. माझ्या शेतात आत आली ती कुणाच्या चुकीनं? खांड मी पाडली नाही. ती बुजवायचा हक्क मला नव्हता. आता झाड तोडलं तर गुन्हा माझ्यावर. समुद्रानं जमीन घेतली, सरकारनं झाड घेतलं, आणि सातबारा माझ्या नावावर म्हणून मी श्रीमंत!

भाची: बांगलादेशात काय झालं सांगू? 1960 च्या दशकात त्यांनी परदेशी मदतीनं किनाऱ्यावर शंभराहून जास्त ठिकाणी मोठे बांध घातले. आधी तिथले शेतकरी वर्षाचे आठ महिने टिकतील असेच कच्चे बांध घालत, उरलेल्या महिन्यांत पाणी आणि गाळ शेतात येऊ देत. पक्क्या बांधांमुळे गाळ आत येईना. तो नदीच्या पात्रात बसला. नदी वर गेली, शेत खाली राहिलं. पावसाचं पाणी बाहेर जायला वाट नाही, गावं वर्षानुवर्षं पाण्यात. शेवटी 1990 मध्ये बिल डाकातिया नावाच्या पाणथळात लोकांनी स्वतःच सरकारी बांध कापला. भरतीबरोबर गाळ आत आला आणि जमीन उंचावायला लागली. 1997 ला बिल भायनात तेच झालं. आणि मग सरकारनं हीच युक्ती आपल्या योजनेत घेतली.

मामा: स्वतः कापला?

भाची: स्वतः.

मामा: आणि त्या वर्षांत त्या शेताचा मालक काय खात होता?

भाची: (थोडं थांबून) तिथेच पुढे बिनसलं. पुढच्या पाणथळांमध्ये भरपाईवरून भांडणं झाली. लोकांनी योजना अडवली.

मामा: अडवणारच. पण कल्पना वाईट नाही. आमच्या खारीचं काही झालं तरी तेच होणार आहे. समुद्र किती वर आला म्हणतेस?

भाची: जगाची सरासरी घेतली तर 1901 ते 2018 मध्ये 20 सेंटिमीटर. मुंबईला अपोलो बंदरावर 1878 पासून नोंद आहे. तिथला शंभर वर्षांचा वेग वर्षाला मिलिमीटरहून कमीच होता. पण आता जगाचा वेग साडेतीन मिलिमीटरच्या पुढे गेला आहे.

मामा: वीतभर. लोकांना वाटतं वीतभर म्हणजे बांध वीतभर वाढवला की झालं. तसं नाही. भरतीची भीती मला कमी आहे. मला ओहोटीची भीती आहे. आतलं पाणी बाहेर जातं ते बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली असेल तेवढाच वेळ. दिवसातून दोनदा, थोडे थोडे तास. समुद्र वीतभर वर राहिला म्हणजे ओहोटीही वीतभर वर. उघाडी उशिरा उघडते, लवकर मिटते. त्यात पाऊस आता दमानं पडत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला, आणि दुपारी चारच्या सुमारास साडेचार मीटरची भरती. अशा वेळी बांध कितीही उंच असो, आतल्या आत बुडायचं. तुझी इंजिनिअर मंडळी बांधाची उंची मोजतात. उघाडी किती वेळ उघडी राहिली हे कुणी मोजत नाही.

(हा मुद्दा मी किनारी आराखड्यांवरच्या कोणत्याही व्याख्यानात ऐकलेला नाही. तो मांडला पारंपरिक ज्ञानावर विश्वास नसलेल्या माणसानं, उघाडीच्या तोंडाशी बसून बसून शिकलेल्या गोष्टीवरून. मामांच्या हे लक्षात आणून दिलं तर ते म्हणाले, ते ज्ञान नाही, ती भीती आहे.)

भाची: मग मोजूया. प्रत्येक उघाडीवर एक पट्टी, आणि तिथल्याच एका माणसानं रोज वेळ लिहायची. पाच वर्षांत कळेल कुठल्या खारी वाचवता येतील आणि कुठल्या नाहीत.

मामा: आणि ज्या वाचणार नाहीत?

भाची: त्या पाळीपाळीनं समुद्राला द्यायच्या. काही वर्षं एक खार उघडी, गाळ घेऊन वर येईल, मग ती मिटवून दुसरी. उघड्या खारीत मासे, खेकडे, जिताडा. आणि मालकाला त्या वर्षांचं भाडं, आधी ठरवून, आधी बँकेत.

मामा: आधी बँकेत.

भाची: आधी. नंतर नाही. आणि माझं अजून एक म्हणणं आहे. हॉलंडमध्ये पाणी-मंडळं आहेत, शेकडो वर्षं जुनी, आजही 21 आहेत. लोक त्यांच्यावर माणसं निवडून देतात, घरामागे कर भरतात आणि बांधाचा निर्णय ती मंडळं घेतात. 1953 च्या पुरात 1,800 हून जास्त माणसं मेली तेव्हा सरकारनं अवाढव्य धरणं बांधली, पण मंडळं मोडली नाहीत. आपल्याकडे बांध गावाचा होता तेव्हा राज्य खोताचं होतं, आणि राज्य लोकांचं झालं तेव्हा बांध गावाचा राहिला नाही.

मामा: त्यांच्याकडे पैसा आहे.

भाची: तुमच्या शिलोत्रीत पण पैसा होता. बिघ्यामागे भात. तुम्हीच सांगितलंत.

मामा: तो कुळाकडून घेतला होता. आता घ्यायचा तर खाडीवर जेट्टी टाकणाऱ्यांकडून घ्या, वाळू काढणाऱ्यांकडून घ्या, शेताला सेकंड होम म्हणून कुंपण घालणाऱ्यांकडून घ्या. मग मी बांधावर येतो. पण मजुरीवर. श्रमदान या शब्दावर मी येणार नाही. आमच्या चार पिढ्यांनी ते भरपूर केलं आहे.

भाची: मजुरीवरच. आणि रात्रपाळीचा वेगळा दर.

मामा: मग तुझ्या त्या अहवालात लिही की ज्ञान आहे आणि त्याला पगार द्यावा लागतो.

दोघांचं एकमत झालं असं मी म्हणणार नाही. मामा अजूनही मानतात की खारेपाटाची निम्मी जमीन येत्या काही दशकांत जाणार आणि तिला ज्ञान वाचवणार नाही. भाची मानते की जाणारी जमीन कशी जाते यावर सगळं अवलंबून आहे. माझं मत विचाराल तर दोघांच्याही बोलण्यात एकच अडलेली गोष्ट सापडते आणि ती शेतीच्या शास्त्रात नाही, कारभारात आहे. भरतीची वेळ, मिठाची धुणी, क्षार सोसणारं बी, भांगात खांड मिटवण्याची रीत, यातलं काहीही हरवलेलं नाही. ज्यांच्याकडे ते आहे त्यांना बांधाबद्दल ठरवायचा अधिकार नाही, केल्याचे पैसे नाहीत, आणि शेतात उगवलेल्या तिवरांचं काय करायचं हे सांगणारं जवळचं दारही नाही. कांदळवनाच्या निकालाच्या चौकटीतच बाहेरच्या आणि आतल्या झाडात फरक करायला गावपातळीवरची, वनखात्यासह बसणारी एखादी समिती तयार होऊ शकते. त्यासाठी निकाल बदलायची गरज नाही, न्यायालयाकडे नीट अर्ज नेण्याची आहे. तोवर ज्यांच्या शेतात कांदळवन उभं आहे त्यांना त्या जंगलाचं भाडं मिळायला हवं.

मोठ्या गोष्टींना वेळ लागेल हे मान्य. पण एक गोष्ट येत्या वर्षी, कुठलाही कायदा न बदलता होऊ शकते. खारभूमीच्या दुरुस्तीच्या निविदा पावसाच्या तोंडावर काढू नका. दिवाळीनंतर काढा, फेब्रुवारीत काम द्या, आणि खांड मिटवण्याचा दिवस ठेकेदाराच्या सोयीनं न ठरवता गावानं दिलेल्या तिथीनं ठरवा. पाऊस आता 26 मेलाही येतो.